न सापडण्याचा हक्क

वैजयंती निंभोरकर सापडली, तेव्हा ती हरवलेली नव्हती. नागपुरात, विद्यापीठाच्या विधी विभागात, आपल्याच खोलीत बसून ती संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदावरचे पेपर तपासत होती. जीविताच्या हक्काचं विद्यार्थ्यांनी जे काही करून ठेवलं होतं, ते वाचून तिचा स्वतःचा जीव मेटाकुटीला आला होता. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि फिकट निळ्या साडीतली एक बाई आत आली. आल्या आल्या तिनं दार लोटून घेतलं आणि इथलं बोलणं बाहेर ऐकू जात नाही ना, असं विचारलं.

त्या साडीचा रंग एव्हाना राज्यात सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. ती 'मागोवा' योजनेची संपर्क सेविका होती.

"तुमचं जवळचं कुणीतरी तुम्हाला शोधतंय," ती शिकवल्याप्रमाणे सावकाश म्हणाली. "कोण ते मला सांगता येत नाही. तुम्ही कुठे आहात हे त्यांनाही अजून कळवलेलं नाही. कळवायचं का? तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्यावर कसलीही जबरदस्ती नाही."

शेवटचं वाक्य वैजयंतीला तोंडपाठ होतं. नियमांचा मसुदा होत असताना तिनंच ते भांडून घालायला लावलं होतं. पण मसुद्यात लिहिलेलं वाक्य आणि दार लोटून आपल्याला ऐकवलेलं वाक्य यात केवढा फरक असतो, ते तिला आज कळलं. आपल्याला कोण शोधत असेल? घटस्फोट होऊन बारा वर्षं झाली होती आणि त्या गृहस्थाकडे तिचा फोन नंबर होता. लपण्यासारखं तिनं आयुष्यात काही केलेलं नव्हतं. तरीही क्षणभर तिला उठून खिडकी लावून घ्यावीशी वाटली.

मागोव्यामागचं विज्ञान तसं फार अवघड नाही. माणूस बसतो, बोलतो, खोकतो, डोकं खाजवतो, आणि दर वेळी त्याच्या त्वचेचे, थुंकीचे बारीक कण हवेत मिसळतात. त्या कणांत त्याचा डीएनए असतो. पूर्वी हवेतून तो गोळा करून वाचायचा तर मोठी प्रयोगशाळा लागे आणि आठवडे जात. मग असे तुकडे धरून ठेवणारी गाळणी निघाली, ते जागच्या जागी वाचणारी चिप निघाली, आणि दोन्ही मिळून जेवणाच्या डब्याएवढ्या पांढऱ्या पेटीत मावल्या. एसटी स्टँड, सरकारी दवाखाने, रेशन दुकानं, वाचनालयं, सगळीकडे भिंतींवर ही पेटी बसली आणि घुं घुं करत हवा ओढू लागली.

आता हरवलेल्या माणसाचा डीएनए सरकारकडे कुठून असणार? पण त्याच्या आईचा मिळू शकतो. मूल आपला निम्मा डीएनए आईकडून घेऊन येतं. म्हणून आईनं थुंकीचा नमुना दिला की पेटीला एवढं सांगता येतं, की या बाईचं मूल या खोलीत येऊन गेलं. असा मेळ तीन-चारदा जमला की त्या त्या वेळी तिथे कोण कोण होतं ते प्रवेशाच्या नोंदींशी ताडून पाहायचं आणि एकेक नाव गाळत जायचं. शेवटी एक नाव उरतं, आणि मग निळ्या साडीतली बाई जाऊन दार लोटून घेते.

जत्रेत चुकलेली लेकरं, घरचा रस्ता विसरलेले म्हातारे, फसवून नेलेल्या मुली अशी हजारो माणसं परत आली. लोक पेटीला हार घालू लागले. एका गावात तर सरपंचानं तिच्यापुढे नारळ फोडला होता, आणि खोबऱ्याचे कण गाळणीत जाऊन ती पेटी आठवडाभर बंद होती. योजनेत खोट म्हणाल तर एकच निघाली. ज्यांना सापडायचं नव्हतं, तीही माणसं सापडू लागली.

वैजयंती घोटभर पाणी प्यायली, तेव्हा तिचा आवाज ताळ्यावर आला. मेळ आईच्या नमुन्याशी जमलाय का, असं तिनं विचारलं. सेविकेनं हातातला पडदा झटकन आपल्याकडे वळवला, आणि तेच उत्तर होतं.

"अहो, माझी आई माझ्याच घरी राहते. सकाळी तिनंच मला डबा भरून दिलाय."

सेविका गोंधळून हातातल्या पडद्यावर काहीबाही शोधू लागली. नियम असा होता, की अर्ज करणाऱ्या आईची बाकीची मुलं असतील तर त्यांनीही नमुने द्यायचे. त्याला वगळणीचा नमुना म्हणत. तो नसेल तर पेटीला दोन बहिणींतली हरवलेली कुठली आणि घरातली कुठली, ते कळायला मार्ग नाही. पण या अर्जात बाईंनी आपल्याला एकच मुलगी असल्याचं सांगितलं होतं, सेविका म्हणाली, आणि हे आपण बोलायला नको होतं हे लक्षात येऊन तिनं जीभ चावली.

वैजयंतीनं उरलेले पेपर तसेच ठेवले आणि घरी गेली.

सुमित्राबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून अंबाडीची भाजी निवडत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे गेलेल्या, पण नजर अजून चांगली. लेक अवेळी घरी आलेली पाहून त्यांनी ओळखलं. त्या काही लपवायला गेल्या नाहीत.

"अर्जाच्या खिडकीवरल्या पोरीनं विचारलं, मुली किती? मी म्हटलं, एक. दोन सांगितल्या असत्या तर तुले बोलावलं असतं, अन् तू मले अर्ज करू दिला नसता."

"म्हणून एकच सांगितलीस?"

"सत्तावीस वर्षं जो विचारे त्याले मी एकच मुलगी सांगत आली. शिरगणतीवाल्याले, शेजारणीले, डॉक्टरले. ती एक म्हणजे तू होती. एक वेळ ती एक म्हणजे प्रणिता सांगितली. तुले राग आला?"

वैजयंतीला राग आला होता. सत्तावीस वर्षं ती एकटी या घराची मुलगी होती, आईचे गुडघे, बाबांचं शेवटचं आजारपण, सगळं तिनं एकटीनं काढलं होतं, आणि एका खिडकीपाशी उभं राहून आईनं तिला एका शब्दात खोडून टाकलं होतं. पण मग तिला हेही कळलं, की प्रणिताताईला त्यांनी असं किती वेळा खोडलं असेल. राग गेला नाही, नुसता कुठे ठेवावा ते तिला कळेना.

प्रणिता तिच्याहून पाच वर्षांनी मोठी. घर आर्वीला असताना वीज मंडळातल्या एका मुलाबरोबर निघून गेली. मुलगा चांगला होता, पण दुसऱ्या जातीचा होता. बाबा शाळेत मुख्याध्यापक. पंधरा ऑगस्टला समतेवर भाषण करणारे. बातमी कळल्यावर ते उठून अंगणातल्या नळाखाली बसले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली. मेलेल्याची करतात तशी. मग त्यांनी सुमित्राबाईंकडे पाहिलं, आणि सुमित्राबाईंनीही केली. वैजयंती तेव्हा नागपूरला वसतिगृहात होती म्हणून तेवढ्यातून सुटली. पुढे तिनं कायदा शिकताना संविधानच का धरलं, असं कुणी विचारलं की ती काहीतरी दुसरंच सांगायची. ताईची दोन पत्रं आली, ती बाबांनी न फोडता परत पाठवली. नंतर त्या मुलाची बदली झाली, मग नोकरी सुटली असं कळलं, मग काहीच कळलं नाही. वैजयंतीचं मतदार याद्यांपासून सगळं चाळून झालं होतं. बाबा गेले तेव्हा तिनं वर्तमानपत्रात निधनाची बातमी मुद्दाम मोठी दिली, की कुठे असेल तिथे ताई वाचेल. कुणी आलं नाही.

"मले तिचा पत्ता नको," सुमित्राबाई म्हणाल्या. "फोन नको. तिनं यावं असंही नाही म्हणत मी. कोणत्या तोंडानं म्हणू? आहे का नाही, येवढंच कळू दे मले. मंग मी मोकळी."

मागणी एवढीशीच होती, आणि नेमकी तीच वैजयंतीला देता येण्यासारखी नव्हती. कारण मागोव्याचा खटला त्या वेळी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चालू होता, आणि न्यायालयाला मदत करण्यासाठी न्यायमित्र म्हणून नेमलेली व्यक्ती डॉ. वैजयंती निंभोरकर हीच होती. मानवी हक्कांवर तिनं वीस वर्षं काम केलं होतं, तिची पुस्तकं न्यायाधीशांच्या कपाटात होती. ती जे म्हणेल ते न्यायालय ऐकेलच असं नाही, पण ते बाजूला सारणं न्यायालयाला जड गेलं असतं.

खटला एका मुलीचा होता. कागदोपत्री तिला 'क्ष' म्हणत, पण तिचं नाव तेजल होतं. वय बावीस. आपल्या मनानं लग्न केलं, आणि घरचे जिवंत ठेवणार नाहीत हे ठाऊक असल्यानं नदीच्या पुलावर ओढणी आणि चपला ठेवून नवऱ्याबरोबर निघून गेली. घरच्यांनी पाण्यात शोधलं, रडले, दहावा-तेरावा केला. फक्त भावाचा विश्वास बसला नाही. त्यानं आईला नेऊन नमुना द्यायला लावला. तेजल पोटुशी होती, तपासणीला सरकारी दवाखान्यात गेली, आणि तिथल्या पेटीनं तिला धरलं. सेविकेला तिनं 'कळवू नका' असं सांगितलं. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे घरच्यांना उत्तर जायचं होतं : 'व्यक्ती जिवंत आहे, संपर्कास नकार.' असंच उत्तर पूर्वी एका दुसऱ्या मुलीच्या घरी गेलं होतं. तिच्या माणसांनी मग सहा महिने जिल्ह्यातलं एकेक निवारागृह पालथं घातलं, आणि शेवटी तिच्या नवऱ्याला भरबाजारात मारलं. ते आठवून तेजलनं न्यायालयात धाव घेतली. उत्तर पाठवण्याला न्यायालयानं तूर्त स्थगिती दिली होती. ती उठली की ते पाच शब्द सुटणार होते.

वैजयंतीनं दोन गोष्टी केल्या. आईबरोबर जाऊन वगळणीचा नमुना दिला. ज्या पेटीवर तिनं एवढं लिहिलं, तिच्यासाठी काचेच्या नळीत थुंकताना तिला कसंसंच झालं, पण आईचा शोध आपल्याच अंगावर येऊन थांबावा हे काही खरं नव्हतं. आणि पुढच्या तारखेला तिनं न्यायालयाला लेखी कळवलं, की माझी आई या योजनेत अर्जदार आहे, माझा यात जीव गुंतलेला आहे, मला मोकळं करावं. सरकारी वकील हेमंत बारापात्रे उभा राहिला आणि शासनाची काही हरकत नाही म्हणाला. ज्याचं कुणीच हरवलेलं नाही असा माणूस आम्ही आता कुठून आणायचा, असं ज्येष्ठ न्यायमूर्ती म्हणाले, आणि तिची सुटका झाली नाही.

बारापात्रे तिचा वर्गमित्र. भला माणूस होता, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड जायचं. न्यायालयाच्या कँटीनमध्ये त्यानं दोन चहा सांगितले आणि शासनाचा प्रस्ताव पुढे ठेवला. पत्ता आपण कधीच देत नव्हतो, तो म्हणाला. आता नकार हा शब्दही काढून टाकू. घरच्यांना फक्त जिवंत आहे एवढंच सांगू, तेही वर्षभर थांबून. या राज्यात हजारो आया आहेत, ज्यांना एवढ्या एका शब्दावर उरलेलं आयुष्य काढता येईल. तू हो म्हण, सहमतीनं निकाल होईल.

"वैजयंती, तुझ्या आईचा अर्ज मी उघडून पाहिला नाही, पाहणारही नाही," तो म्हणाला. "पण तिलाही तो शब्द मिळेल. यात वाईट काय आहे, ते तू मला सांग."

ती चहा संपवून उठली. विचार करते म्हणाली. घरी जाताना तिला स्वतःचीच भीती वाटू लागली, कारण तिच्या मनानं प्रस्तावाला पुष्टी देणारी कारणं शोधायलाही सुरुवात केली होती, आणि ती सगळी चांगली, सभ्य, निकालपत्रात शोभतील अशी होती. व्यक्तीच्या हक्कासमोर कुटुंबाचा जाणून घेण्याचा हक्क. दोहोंचा तोल. कमीत कमी माहिती. तिनं असे तोल आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाबतीत सांभाळले होते. आता पारड्यात तिचीच आई बसली होती.

दोन दिवसांनी ती तेजलला भेटायला गेली. निवारागृह शहराबाहेर होतं, आणि तिथे जाताना फोन घरी ठेवावा लागे. तेजलला सातवा लागला होता. अंगाचा बांधा अजून शाळकरी, आणि त्यावर ते पोट. वैजयंतीनं तिला शासनाचा प्रस्ताव सोप्या शब्दांत सांगितला. मुलीनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मॅडम, माझी आई रोज रडते," ती म्हणाली. "शेजारची एक मैत्रीण सांगते मला. चार वेळा मी फोन हातात घेतला. पण आईच्या पोटात काही राहत नाही. मी आहे हे कळलं तर ती रडायची थांबेल. अन् ती रडायची थांबली, की दादाला कळेल."

वैजयंतीनं विचारलं, की वर्षभरानं सांगितलं तर?

"वर्षभरानं माझं लेकरू असेल," तेजल म्हणाली, आणि हाताशी पडलेलं टोपडं विणायला घेतलं. ते तिला नीट जमत नव्हतं.

त्यानंतर वैजयंतीला वाटलं होतं की आता निर्णय सोपा जाईल. तसं काही झालं नाही. रोज संध्याकाळी घरी गेल्यावर सुमित्राबाई तिच्या तोंडाकडे पाहत, विचारत काहीच नसत. वैजयंतीनं त्यांना बारापात्रेचा प्रस्ताव सांगितला नाही. सांगितला असता तर त्यांनी हात जोडले असते, आणि आईनं जोडलेल्या हातांपुढे आपला टिकाव लागणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सुनावणीच्या दिवशी न्यायालय भरलेलं होतं. बारापात्रेनं शासनाचा प्रस्ताव सुंदर मांडला, ऐकणाऱ्यांपैकी दोघींनी डोळे पुसले. मग वैजयंती उभी राहिली. जीविताच्या हक्कात एकटं राहू देण्याचा हक्क येतो, आणि प्रौढ माणसाच्या बाबतीत त्यात न सापडण्याचा हक्कही येतो, असं तिनं जुन्या निकालांच्या आधारानं तासभर मांडलं. लहान मुलं, स्मृती गेलेली माणसं, डांबून ठेवलेली माणसं यांना तो लागू नाही. जो होय म्हणेल त्याच्या घरी आनंदानं कळवावं. पण जो नाही म्हणेल त्याच्याबद्दल एक अक्षर बाहेर जाता कामा नये, जिवंत हा शब्दसुद्धा नाही.

"आणि जे पेटीला मिळालेच नाहीत, जे या जगातच नाहीत, त्यांच्या घरच्यांना?" ज्येष्ठ न्यायमूर्तींनी विचारलं. "त्यांना तरी सांगाल ना, की आढळ नाही?"

"नाही. त्यांना 'आढळ नाही' असं सांगितलं आणि बाकीच्यांना काहीच सांगितलं नाही, तर आपल्या गप्प राहण्याचाच अर्थ 'जिवंत' असा होईल. दोघांनाही अगदी तेच वाक्य गेलं पाहिजे."

न्यायमूर्तींनी चष्मा काढला आणि कायद्याबाहेरचा प्रश्न विचारला. "डॉक्टर, एखादी म्हातारी आई दाराकडे डोळे लावून बसली असेल. तिला काय सांगायचं?"

न्यायदालनातल्या फारच थोड्यांना तो प्रश्न कुणाबद्दल आहे ते ठाऊक होतं. बारापात्रेला होतं, त्यानं मान खाली घातली.

"काहीच सांगायचं नाही," वैजयंती म्हणाली. "हे 'काहीच नाही' सगळ्या आयांना सारखं मिळालं, तरच ही मुलगी त्यांच्या मागे लपू शकेल. एका जरी आईला आपण जास्त सांगितलं, तरी या मुलीची आडोशाची भिंत पडते. त्यात माझ्या आईलाही सवलत मागता येणार नाही."

ती खाली बसली आणि कागद आवरू लागली. आपण बरोबर बोललो याबद्दल तिला शंका नव्हती, आणि त्या खात्रीनं तिला काडीचं समाधान मिळत नव्हतं.

निकाल महिन्याभरानं लागला. न्यायालयानं तिचं म्हणणं जवळजवळ जसंच्या तसं उचललं. सगळ्यांना एकसारखं पाठवायचं वाक्यसुद्धा तिच्याच टिपणातून घेतलं : 'आपल्या अर्जाबाबत कळवण्याजोगी माहिती नाही.' वर्षातून एकदा पुन्हा अर्ज करता येईल, एवढी एक खिडकी ठेवली. निवारागृहातून निरोप आला, की तेजलला मुलगा झाला आणि ती सुखरूप आहे. कायद्याच्या मासिकांनी वैजयंतीच्या युक्तिवादावर लेख मागवले. दूरचित्रवाणीवर एका बाईनं, जिचा मुलगा नऊ वर्षांपासून बेपत्ता होता, तिला शाप दिला. वैजयंतीनं ते शेवटपर्यंत पाहिलं.

सुमित्राबाईंना मात्र शेजारच्या माहुलकर काकूंकडून कळलं. वैजूनं मोठी केस जिंकली, असं त्या पेढे मागायला येऊन सांगून गेल्या. काय जिंकलं, असं सुमित्राबाईंनी विचारलं, आणि काकूंनी हौसेनं सगळं समजावलं. सरकार 'जिवंत आहे' एवढं तरी सांगायला तयार होतं, पण तुमच्या लेकीनं तेही थांबवलं, असं.

त्यानंतर घरात बोलणंच संपलं. भांडण झालं नाही. सुमित्राबाई वेळेवर जेवण करत, डबा भरत, औषध घेत. फक्त लेकीच्या तोंडाकडे त्या पाहीनाशा झाल्या. वैजयंतीनं एकदा समजावण्याचा प्रयत्न केला, तेजलबद्दल जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं. सुमित्राबाईंनी मान हलवली, आणि आमटीला मीठ कमी आहे का विचारलं. हजार पानांच्या खटल्यात न हरलेली बाई त्या आमटीपुढे हरली. तिनं मुकाट्यानं जेवण उरकलं.

आणि मग एका रविवारी दुपारी उत्तर आलं. थांबवून ठेवलेली सगळी उत्तरं त्या दिवशी एकदमच सुटली होती. सुमित्राबाईंचा फोन वाजला, त्यांनी तो काही न बोलता लेकीपुढे धरला. अक्षरं बारीक होती. वैजयंतीनं वाचून दाखवलं.

"आपल्या अर्जाबाबत कळवण्याजोगी माहिती नाही."

"हे तू लिहिलं?"

"हो."

"कोरडं लिहिलं," सुमित्राबाई म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्या तिच्याशी सरळ बोलत होत्या. "आता मले नीट सांग. ती सापडली असती अन् होय म्हटलं असतं, तर काय आलं असतं?"

"तिचा निरोप आला असता. तिला हवा असता तर पत्ताही."

"सापडली अन् नाही म्हटलं, तर?"

"हेच वाक्य."

"अन् नसलीच, तर?"

वैजयंतीनं फोन खाली ठेवला. "तरी हेच, आई. मलाही त्यातलं काय ते ठाऊक नाही. मी विचारलं तरी कुणी सांगणार नाही, आणि मी विचारणार नाही."

खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी थांबली, ओरडली, निघून गेली. वैजयंतीला वाटलं, आता ही रडेल. आईनं रडावं असं तिला फार वाटत होतं, म्हणजे तिलाही रडता आलं असतं.

"मंग मी असं समजते, की तिनं नाही म्हटलं," सुमित्राबाई म्हणाल्या.

या वाक्यावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही, दोन्ही शक्यता तिथे सारख्याच आहेत, ते वाक्य आपण त्यासाठीच तसं घडवलंय, हे सगळं वैजयंतीच्या ओठांवर आलं. आईच्या चेहऱ्याकडे पाहून तिनं ते गिळलं, आणि एवढंच विचारलं, "तिनं नाही म्हटलेलं चालेल तुला?"

"नाही म्हणायले माणूस जिवंत लागते," सुमित्राबाई म्हणाल्या. त्यांनी फोन उचलून पदरानं पुसला आणि तो परत लेकीच्या हातात दिला. "पुढल्या साली अर्ज करता येते ना? आठवण ठेव. दर साली करू. तिनं दर साली नाही म्हणावं."